बीटलचा दिंडी दरवाजा

सिग्नल लाल झाला की आपण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो, क्लच दाबतो, गाडी थांबते. इंजिन मात्र फुरफुरत चालूच राहतं. रोजच्या सवयीमुळे यात काही कोडं आहे असं वाटतच नाही. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल मिळतं हे खरं असेल, तर पाय पूर्ण काढल्यावर इंजिनाचा खुराक तुटायला हवा. तो तुटत नाही. मग येतो कुठून? आणि उभ्या गाडीला किती द्यायचा, हे ठरवतं कोण?

आजच्या गाड्यांत याचं उत्तर एका शब्दात देता येतं: संगणक. कार्बोरेटरच्या जमान्यात हे काम दोन-तीन स्क्रू आणि ते फिरवणारा माणूस करत असे. ज्यांनी बजाजची स्कूटर किंवा प्रीमिअर पद्मिनी वापरली आहे, त्यांना गॅरेजमधलं 'जरा स्लो वाढवून द्या' हे वाक्य आठवेल. स्लो, म्हणजेच आयडलिंग: गाडी उभी, गिअर न्यूट्रलला, पाय पेडलवर नाही, अशा वेळी इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं तो वेग. मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर घालून काहीतरी अर्धा फेरा फिरवायचा आणि गाडी सुतासारखी सरळ व्हायची. निदान आठवडाभर तरी.

त्या अर्ध्या फेऱ्यात काय होतं हे समजून घ्यायला फोक्सवॅगनची जुनी बीटल फार उपयोगी पडते. ही गाडी २ कोटी १५ लाखांहून जास्त संख्येनं बनली आणि शेवटची बीटल मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली. तिचं चार सिलिंडरचं इंजिन मागे असतं आणि त्याला पाणी नसतं, म्हणजे रेडिएटर नाही; ते वाऱ्यावर थंड होतं. त्यामुळे आयडलिंग बिघडलं की तिचं जरा जास्तच बिघडतं. शिवाय १९७०च्या सुमारास तिच्या कार्बोरेटरची आयडलिंगची पद्धत बदलली, आणि त्या बदलापाशी भले भले हात अजूनही चुकतात.

हवा आधी, पेट्रोल मागून

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. अ‍ॅक्सिलरेटर पेट्रोल देत नाही, तो हवेची वाट उघडतो. पेडलपासून निघालेली केबल गाडीच्या पोटातून मागे इंजिनापर्यंत जाते आणि कार्बोरेटरच्या तळाशी असलेली एक गोल पितळी चकती फिरवते. हा थ्रॉटल. चकती आडवी असली की नळी बंद, उभी झाली की पूर्ण उघडी. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो आणि थ्रॉटल जितका उघडा असेल तितकीच हवा आत येते.

ही हवा वाटेत एका अरुंद गळ्यातून जाते. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. पेट्रोलची नळी नेमकी तिथेच उघडते. बाजूच्या छोट्या टाकीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. गळ्यात तो कमी. त्या फरकामुळे पेट्रोल वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. विल्हेल्म मायबाखनं १८९३च्या सुमारास असा फवारा उडवणारा कार्बोरेटर केला, आणि पुढची शंभर वर्षं मोटारी मुख्यतः या तत्त्वावर धावल्या. पेट्रोल किती जाणार हे जेटच्या, म्हणजे बारीक भोक पाडलेल्या पितळी तुकड्याच्या, मापावर ठरतं. वजनानं पाहिलं तर पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त असेल तर मिश्रण 'रिच', कमी असेल तर 'लीन'.

यात एक अडचण आहे. पाय काढला की थ्रॉटल जवळजवळ मिटतो. गळ्यातून जाणारी हवा इतकी कमी आणि इतकी संथ होते की तिथे दाब उतरतच नाही. मुख्य जेटमधून थेंबही वर येत नाही. म्हणजे सुरुवातीचं कोडं खरंच कोडं आहे: पाय काढल्यावर नेहमीच्या वाटेनं येणारं पेट्रोल बंदच होतं.

मोठं दार लावलं तरी

जुन्या वाड्याचा दरवाजा रात्री लावून घेत, पण त्याच्याच एका फळीत दिंडी दरवाजा असे. वाकून एक माणूस आत येईल एवढा. कार्बोरेटरमध्येही तशीच सोय आहे. थ्रॉटल हा मोठा दरवाजा. तो लावला की त्याच्या वर, गळ्याच्या बाजूला, सगळं शांत होतं. पण खाली, सिलिंडरांच्या बाजूला, पिस्टन ओढतच असतात आणि त्यांना हवा मिळत नाही. त्यामुळे दाराखाली जबरदस्त ओढ तयार होते. उभ्या गाडीत ही ओढ धावत्या गाडीपेक्षा जास्त असते, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. पण बंद दारामागचीच ओढ जोरदार असणार.

कार्बोरेटर बनवणाऱ्यांनी या ओढीचाच उपयोग केला. फ्लोट चेंबरकडून एक वेगळी बारीक वाट निघते. तिच्यावर स्वतःचा छोटा जेट असतो. पेट्रोलमध्ये वाटेतच थोडी हवा मिसळते, आणि हा फेस थ्रॉटलच्या खाली एका भोकातून बाहेर पडतो. त्या भोकात निमुळत्या टोकाचा एक स्क्रू बसवलेला असतो. तो बाहेर काढला की जास्त फेस, आत घेतला की कमी. हा मिक्स्चर स्क्रू. उभी गाडी जगते ती या वाटेवर.

पेट्रोलची सोय झाली. पण ते जाळायला लागणारी हवा? ती कुठून येणार? बीटलच्या जुन्या आणि नव्या कार्बोरेटरमधला फरक इथेच आहे.

दार किलकिलं की दिंडी दरवाजा

बीटलला बहुतेक काळ सोलेक्सचे कार्बोरेटर होते. १९६०च्या दशकातल्या २८ पिक्ट किंवा ३० पिक्ट-१ या प्रकारांत (आकडा म्हणजे थ्रॉटलच्या नळीचा मिलिमीटरमधला व्यास) उत्तर साधं होतं: मोठं दारच थोडं किलकिलं ठेवायचं. थ्रॉटलच्या दांड्यावर एक अडवणारा स्क्रू असे. तो आत घेतला की थ्रॉटल पूर्ण मिटत नसे, फटीतून हवा जाई आणि स्लो वाढे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतही हीच रीत होती, त्यामुळे मेकॅनिकच्या हाताला तीच सवय.

अमेरिकेत १९६८च्या मॉडेलपासून गाड्यांच्या धुरावर देशभर बंधनं आली, आणि उभ्या गाडीचा धूर हा त्यातला कटकटीचा भाग होता. किलकिल्या दारातून किती हवा जाते याचा नेम नसतो. केबलचा ताण, दांड्याची झीज, चकतीच्या कडेवरचा मळ, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. पुढच्या ३० पिक्ट-३ आणि ३४ पिक्ट-३ या कार्बोरेटरांत म्हणून मोठं दार जवळजवळ पूर्ण लावून टाकलं आणि आयडलिंगची हवा थ्रॉटलला वळसा घालणाऱ्या वेगळ्या वाटेनं नेली. या वाटेवर एक मोठ्या डोक्याचा स्क्रू आहे: बायपास स्क्रू. स्लो कमी-जास्त करायचा तो फक्त यानं.

पण थ्रॉटलच्या दांड्यावरचा जुना स्क्रूही जागेवरच राहिला. त्याचं काम बदललं. गार इंजिन सुरू करताना तो एका पायऱ्या-पायऱ्यांच्या चकतीवर टेकतो आणि इंजिन तापेपर्यंत वेग थोडा चढा ठेवतो. दिसायला समोर, हाताला सोपा, आणि फिरवला की स्लो लगेच वाढतो. मग फिरवणाऱ्याला वाटतं, काम झालं.

तो स्क्रू फिरवला तर बिघडतं काय?

थ्रॉटलच्या कडेजवळ, एक-दोन मिलिमीटरच्या अंतरात, बरंच काही दडलेलं आहे.

चकतीच्या किंचित वर एक भोक आहे. त्यातून रबरी नळी डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे, जाते. तिथल्या डबीत एक लवचिक पडदा असतो; त्याला ओढ लागली की ठिणगी थोडी लवकर पडते. हलक्या हातानं गाडी चालवताना सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर हवी. ती सोय या डबीची. आयडलिंगला मात्र हे भोक दाराच्या वर, शांत बाजूला राहायला हवं. स्क्रूनं दार जास्त उघडलं की चकतीची कड वर सरकते, भोक ओढीच्या बाजूला येतं आणि उभ्या गाडीतच ठिणगी पुढे सरकते. वेग वाढतो. मग कुणीतरी टायमिंग लाइट लावून पाहतं, टायमिंग पुढे दिसतं, म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवून ते मागे आणतं. आता उभ्या गाडीचा काटा बरोबर, आणि रस्त्यावर ठिणगी कायम उशिरा. पिकअप मेला, इंजिन तापायला लागलं. दोष कार्बोरेटरचा, आणि शिक्षा डिस्ट्रिब्युटरला.

दुसरी गोष्ट. चकतीच्या कडेशी आणखी एक-दोन बारीक भोकं असतात. पेडल नुकतं दाबल्यावर, आयडलिंगची वाट अपुरी पडते आणि मुख्य जेट अजून जागा झालेला नसतो, तेव्हा मधल्या क्षणाला पेट्रोल या भोकांतून येतं. दार आधीच किलकिलं असेल तर ही भोकं आधीच उघडी पडतात आणि त्यांतून मिश्रण विनाकारण गळत राहतं. मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवा, इंजिनाला फरक पडत नाही, कारण पेट्रोल आता त्याला न विचारताच येतंय. आणि पेडल दाबल्यावर गाडी अर्धा सेकंद अडखळते. मिक्स्चर स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर आधी संशय मोठ्या दारावर घ्यावा.

नव्या कार्बोरेटरमध्ये हे दार किती उघडं हवं? ०.१ मिलिमीटर. बस्स.

८५०च का?

या बीटलचं आयडलिंग मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास, ८०० ते ९०० या पट्ट्यात ठेवायचं असतं. ८५० फेऱ्यांत चार सिलिंडर मिळून सेकंदाला साधारण २८ स्फोट होतात. एका सिलिंडरच्या वाट्याला सात. कान तयार झाला की ही लय ओळखू येते. पण बीटलच्या डॅशबोर्डवर फेरे दाखवणारा काटा नसल्यानं बाहेरून मीटर जोडलेला बरा.

वेग फार कमी ठेवला तर वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनात तीन गोष्टी एकदम ढिल्या पडतात. थंड करणारा पंखा डायनॅमोच्या दांड्यावरच बसवलेला असतो आणि पट्ट्यावर फिरतो. इंजिन संथ तर पंखा संथ. डायनॅमोही संथ, म्हणून सिग्नलला हेडलाइट मंदावतात आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. (चालत्या गाडीत हा दिवा भक्कन लागला तर पट्टा तुटलेला असू शकतो. मग पंखाही थांबलेला असतो, आणि 'पुढच्या चौकापर्यंत जाऊ' म्हणायची सोय नसते.) तिसरं म्हणजे ऑइल. या इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर, आणि वंगणाबरोबर उष्णता वाहून नेण्याचं कामही त्याच्यावरच. तापलेलं ऑइल पातळ होतं, पंप हळू फिरला की दाब उतरतो.

वेग फार जास्त ठेवला तर पहिला गिअर टाकताना कुरकुर होते, पेट्रोल जातं, आणि किल्ली बंद केल्यावरही इंजिन काही वेळ धडधडत राहण्याची शक्यता वाढते. सिलिंडरमधले तापून लाल झालेले कोपरे ठिणगीचं काम करतात आणि दिंडी दरवाजातून मिश्रण येतच असतं. म्हणून आयडलिंगच्या वाटेवर एक विजेवर चालणारी छोटी झडप बसवली गेली. किल्ली बंद झाली की ती वाट मिटते. तिची आठवण ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सेटिंगच्या आधी

कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. टॅपेट, म्हणजे सिलिंडरच्या झडपांची फट (गार इंजिनावर ०.१५ मिलिमीटर), मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या स्विचची फट (०.४ मिलिमीटर), मग टायमिंग, आणि त्यानंतर कार्बोरेटर. अमेरिकेत १९६९ साली जॉन म्यूर यांचं 'हाउ टु कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह' हे पुस्तक आलं आणि ज्यांनी कधी पाना धरला नव्हता असे लोकही अंगणात ही कामं करू लागले. तरी हा क्रम मोडायचा मोह सुटत नाही, कारण कार्बोरेटर वर असतो आणि टॅपेटसाठी गाडीखाली आडवं व्हावं लागतं.

इंजिन पूर्ण तापलेलं हवं. बीटलचा चोक आपोआप चालतो: दोन धातूंची एक गुंडाळी विजेनं तापते, सैल होते आणि चोकची झडप उघडते. ती पूर्ण उघडल्याशिवाय केलेली सेटिंग फुकट. एअर फिल्टरही शेवटी जागेवर असावा, कारण तोही हवेला थोडा अडवतो. बहुतेक बीटलमध्ये फिल्टरच्या तळाशी ऑइल असतं; काढताना आडवा धरलात तर ते सगळं इंजिनावर.

आणि मिक्स्चर स्क्रू बसवताना हात हलका. त्याचं टोक सुईसारखं निमुळतं असतं. जोर लावून आवळलं की टोकावर एक गोल खाच उमटते आणि समोरची जागाही दबते. असा स्क्रू काढून उन्हात धरला की ती रेघ स्पष्ट दिसते, बोटाच्या नखालाही लागते. मग पाव फेऱ्यानं होणारा बारीक फरक त्याच्याकडून कधीच मिळत नाही. नवा आणावा.

| ३४ पिक्ट-३ची सेटिंग, थोडक्यात |
|---|
| १. इंजिन बंद. थ्रॉटलच्या दांड्यावरचा स्क्रू पायऱ्यांच्या चकतीपासून पूर्ण सुटेपर्यंत बाहेर घ्या. मग सगळ्यात खालच्या पायरीला जेमतेम टेकेपर्यंत आत, आणि वर पाव फेरा. यापुढे त्याला हात लावायचा नाही. |
| २. मिक्स्चर स्क्रू हलकेच टेकवून अडीच फेरे बाहेर. |
| ३. इंजिन सुरू करा. बायपास स्क्रूनं ८५० फेऱ्यांवर आणा. |
| ४. मिक्स्चर स्क्रू सावकाश फिरवत वेग सर्वांत जास्त होईल ती जागा शोधा. तिथून आत फिरवत वेग २० ते ३० फेऱ्यांनी उतरवा. |
| ५. बायपास स्क्रूनं पुन्हा ८५०. |

चौथ्या पायरीत वेग मुद्दाम थोडा का उतरवायचा? सर्वांत जास्त वेग देणारं मिश्रण किंचित रिच असतं. तिथून थोडं लीनकडे सरकलं की धूर कमी होतो आणि इंजिनही स्थिर राहतं. मात्र फार पुढे गेलात तर लीन मिश्रणानं इंजिन मिसिंग करायला लागतं.

स्क्रू फिरवूनही जमत नसेल तर

गाडी रस्त्यावर छान पळते, पण पाय काढला की बंद पडते. अशा वेळी ती विजेची झडप आधी तपासावी. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका, झडपेची वायर काढून पुन्हा टेकवा. 'टक' असा आवाज यायला हवा. नाही आला तर झडप तरी गेली, नाही तर वीज येत नाही. आवाज येत असूनही आयडलिंग नसेल तर आयडलिंगच्या जेटमध्ये कचरा अडकलेला असतो. भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास; गंजलेल्या टाकीतला एक कण पुरे. जेट हवा मारून साफ करावा. तार घालू नये, भोक मोठं होतं.

आयडलिंग वर-खाली होत असेल तर बहुधा कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. दिंडी दरवाजावर पहारा ठेवला, पण भिंतीलाच भगदाड. बीटलमध्ये कार्बोरेटर एक, मध्यभागी, आणि सिलिंडर दोन्ही बाजूंना. मधल्या लांब नळ्यांचे जोड १९७१नंतरच्या १६०० सीसी इंजिनात रबराचे आहेत आणि ते तडकतात. थ्रॉटलचा दांडा ज्या भोकांतून जातो तीही झिजतात. इंजिन चालू असताना जोडांवर पाण्याची बारीक फवारणी करावी. आवाज बदलला तिथे फट. काही जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनावर पेटणारा द्रव उडवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

थंड देशांत आणखी एक भानगड असते. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता खातं आणि मधली नळी इतकी गार होते की बाहेर शून्याच्या वर तापमान असतानाही दमट हवेत तिच्यावर बर्फ धरतो. म्हणून तिच्याखालून एक्झॉस्टचा गरम धूर नेणारी नळी असते. ती काजळीनं बुजली की जर्मनीतल्या हिवाळ्यात बीटल अडखळते. पुण्या-मुंबईत हा त्रास क्वचितच.

उंची आणि इथेनॉल

नीट लावलेली सेटिंगही गाव बदललं की हलते. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे आणि तिथे बीटलच्या टॅक्सी वर्षानुवर्षं धावल्या. इतक्या उंचीवर हवा जवळपास पाव हिश्शानं विरळ. पण हवा जितकी कमी होते तितकं पेट्रोल कमी होत नाही, कारण जेटचं भोक तेच. मिश्रण आपोआप रिच होतं.

आपल्याकडे सध्या उलटं घडतंय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे असं इंधन जाळायला १४.७ पट हवा लागत नाही, साडेतेरा पटीच्या आसपास पुरते. ही गोष्ट जुन्या कार्बोरेटरला कळायचा काही मार्ग नाही. तो पूर्वीच्याच हिशोबानं मिसळतो आणि मिश्रण लीन पडतं. आयडलिंगपुरता उपाय मिक्स्चर स्क्रू थोडा बाहेर घेण्याचा आहे. रस्त्यावरच्या वेगासाठी मुख्य जेटच मोठा घ्यावा लागतो. लीन मिश्रणानं इंजिन तापतं, आणि पाणी नसलेल्या इंजिनाला ते परवडत नाही.

इथेनॉल जुन्या रबरालाही सोसत नाही. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी कापड गुंडाळलेली पेट्रोलची नळी थेट गरम इंजिनाच्या वर असते आणि बीटलला आग लागण्याचं ते एक ठरलेलं ठिकाण आहे. नळी दुमडून पाहिल्यावर भेगा दिसल्या, किंवा बोटांना ओलसर लागली, तर त्या दिवशी स्लो सेट करायचं राहू द्यावं आणि आधी इथेनॉल चालणारी नवी नळी क्लिपसकट बसवावी.